न दिसणाऱ्या क्षेत्राचा नकाशा

कागदाखाली पट्टीचुंबक ठेवायचा, वरून लोहकीस भुरभुरायचा आणि कागदाला हलकेच टिचकी मारायची. क्षणात लोखंडाचे कण रांगा धरतात आणि एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवाकडे वळणाऱ्या कमानी कागदावर उमटतात. आपल्याकडच्या बहुतेक शाळांमध्ये चुंबकीय क्षेत्राची ओळख अशीच होते. प्रयोग सुंदर आहे, तो करायलाच हवा. पण तिथंच थांबलं, तर मुलं एक चुकीची समजूत घेऊन घरी जातात. चुंबकाभोवती खरोखरच रेषा असतात आणि दोन रेषांच्या मधल्या जागेत काहीच नसतं, असं त्यांना वाटतं.

प्रत्यक्षात क्षेत्र सगळीकडे सलग पसरलेलं असतं. लोहकिसाचा प्रत्येक कण चुंबकाजवळ आला की स्वतःच इवलासा चुंबक बनतो. असे कण टोकाला टोक लावून एकमेकांना धरतात, आणि शेजारच्या रांगा मात्र एकमेकींना दूर लोटतात. मधल्या मोकळ्या पट्ट्या त्यातून तयार होतात. कागद झटकून तोच प्रयोग पुन्हा केला, की रेषांची संख्या बदलते, जागा बदलतात. एकूण आकार तेवढा तोच राहतो. शिक्षकांनी एकाच तासात हे दोनदा करून दाखवलं आणि दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले, तर बराचसा गैरसमज तिथल्या तिथं दूर होतो. चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा, एवढी काळजी मात्र घ्यावी. कीस एकदा थेट चुंबकाला लागला की तो काढता काढता तास संपतो.

क्षेत्राशी खरी ओळख होते ती छोट्या होकायंत्रानं. टेबलावर मोठा कोरा कागद चिकटवायचा, मधोमध पट्टीचुंबक ठेवून त्याची कड पेन्सिलीनं आखून घ्यायची. होकायंत्र उत्तर ध्रुवाच्या कोपऱ्याशी ठेवायचं. काटा स्थिरावला की त्याच्या दोन्ही टोकांसमोर कागदावर एकेक ठिपका द्यायचा. मग होकायंत्र असं सरकवायचं, की काट्याचं मागचं टोक आधीच्या पुढच्या ठिपक्यावर येईल. पुन्हा पुढच्या टोकाशी ठिपका, पुन्हा सरकवणं. ठिपक्यामागून ठिपका देत होकायंत्र चुंबकाला वळसा घालतं आणि दक्षिण ध्रुवापाशी येऊन पोचतं. ठिपके जोडले की एक बलरेषा तयार. दुसऱ्या जागेपासून सुरुवात केली की दुसरी.

हे काम सावकाश होतं, आणि त्या सावकाशपणातच शिकणं आहे. ध्रुवाजवळ काटा झटकन वळतो, भराभर थरथरतो आणि लगेच थांबतो. लांब गेल्यावर तोच काटा आळसावतो, डोलत राहतो, थांबायला वेळ घेतो. क्षेत्र कुठं जोरदार आणि कुठं क्षीण, हे मुलांना आकडे न सांगता कळतं. शिवाय प्रत्येक ठिपक्यापाशी बोट, डोळे आणि प्रश्न एकाच जागी असतात: आता काटा कुठं वळेल? लोहकीस एका झटक्यात सगळं उत्तर दाखवून मोकळा होतो. इथं मुलाला अंदाज करावा लागतो आणि तो बरोबर की चूक हे काटाच सांगतो.

थोडं पुढं गेल्यावर एक विलक्षण जागा लागते. चुंबकाचा उत्तर ध्रुव भौगोलिक उत्तरेकडे करून ठेवलेला असेल, तर चुंबकाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला ठरावीक अंतरावर काटा गोंधळतो. कुठल्याच दिशेला ठाम उभा राहत नाही, बोटानं फिरवावा तसा राहतो. त्या ठिकाणी चुंबकाचं क्षेत्र आणि पृथ्वीचं क्षैतिज क्षेत्र अगदी समान आणि विरुद्ध दिशांना असतात. चुंबक उलटा फिरवला की या जागा तिथून हलतात आणि चुंबकाच्या दोन टोकांच्या पुढे, उत्तर-दक्षिण रेषेवर सापडतात. पाठ्यपुस्तकात याला उदासीन बिंदू म्हणतात आणि त्याची आकृती असते. आकृती पाहणं वेगळं आणि आपल्याच होकायंत्राचा काटा एका ठिकाणी दिशा विसरताना पाहणं वेगळं. पृथ्वी हाही एक चुंबक आहे, या वाक्याचा याहून चांगला पुरावा वर्गात मिळणार नाही.

आणि मग अडचणी सुरू होतात, त्याही मोलाच्या. एका गटाच्या रेषा एकाच बाजूला ओढल्यासारख्या येतात. शोध घेतल्यावर टेबलाखालची लोखंडी पट्टी सापडते. दुसऱ्या गटाजवळ कुणाच्या तरी खिशात मोबाईल असतो आणि त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक. पाण्यावर तरंगणाऱ्या सुईचं होकायंत्र करून पाहणाऱ्यांनी स्टीलचं पातेलं घेतलेलं असतं. काही स्टीलच्या भांड्यांना चुंबक चिकटतो, काहींना नाही, हा शोध तेव्हाच लागतो. अशा वेळी शिक्षकांनी घाईनं ‘हे चुकलं’ म्हणू नये. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनाही नेमकी हीच अडचण आली होती, आणि त्यातली एक गोष्ट तर आपल्या दाराशी घडलेली आहे.

मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली उभी राहिली आणि १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी काट्याची हालचाल टिपून ठेवली. क्षैतिज क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची ती नोंद दीडशे वर्षांनंतरही जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर ठरवताना वापरतात. वर्गातल्या होकायंत्राला ते वादळ जेमतेमच जाणवलं असतं, कारण घट होती एकूण क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास. इतके बारीक बदल टिपणाऱ्या वेधशाळेला शहराचा उपद्रव सोसणं शक्य नव्हतं. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असं ठरलं, तेव्हा रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा प्रवाह या नोंदी बिघडवणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात चुंबकीय मोजमापं समुद्रापलीकडे अलिबागला हलवायचं ठरलं. १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली गेली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना नीट जोडता यावी. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, मुंबईत विजेची ट्रॅम धावू लागली. अलिबागची वेधशाळा आजही काम करते. ती आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि या संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे.

अलिबागच्या त्या इमारतीत लोखंड टाळलं गेलं आणि बांधकामाला पोरबंदरचा दगड आणला. आपला सह्याद्रीचा काळा दगड तिथं चालण्यासारखा नव्हता. त्याचं कारण शाळेच्या मैदानातच सापडतं.

मैदानातल्या मातीतून, किंवा पावसानंतर रस्त्याच्या कडेला साठलेल्या बारीक वाळूतून, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला चुंबक फिरवायचा. वर काढला की त्याला काळ्या कणांची दाढी लागलेली असते. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला घेतला की कण कागदावर पडतात. हे बहुतांशी मॅग्नेटाइट, म्हणजे बेसॉल्टच्या, त्याच काळ्या दगडाच्या, झिजेतून सुटलेलं लोहखनिज. कोकणच्या किनाऱ्यावर लाटांनी मागे सोडलेल्या काळ्या वाळूच्या पट्ट्यांतही ते असतं. लोहकीस विकत आणायची गरज नाही. महाराष्ट्राच्या पठारावरच्या शाळेला तो अंगणातच मिळतो, आणि बाजारच्या किसाइतकाच छान रांगा धरतो. मुलांनी हा कीस स्वतः गोळा केला, की त्या रांगांकडे त्यांचं लक्ष वेगळ्याच आस्थेनं जातं.

या काळ्या दगडात आणखीही काही साठवलेलं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होत असताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरली आणि ती तशीच गोठली. १९५०च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दख्खनच्या बेसॉल्टमधली ही दिशा मोजली. हे खडक तयार झाले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असं त्यावरून दिसलं. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा सर्वमान्य नव्हती. ती मान्य होण्यामागे जे पुरावे होते, त्यांत आपल्या घाटातला दगडही आहे.

दिशेवरून अक्षांश कसा कळतो, हे वर्गातच दाखवता येतं. लोखंडी विणकामाची सुई घ्यायची, मध्याशी दोरा बांधून ती अगदी आडवी तोलायची आणि गाठ पक्की करायची. मग चुंबकाचं एकच टोक तिच्यावरून एकाच दिशेनं पुन्हा पुन्हा फिरवायचं. आता सुई परत टांगली, की ती उत्तर-दक्षिण तर होतेच, शिवाय तिचं उत्तरेकडचं टोक खाली झुकतं. वजनात काही बदललेलं नाही, तरी तोल गेलेला आहे. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हा कल २५ अंशांहून थोडा जास्त भरतो. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ सुई जवळजवळ आडवी राहते आणि युरोपात ती जमिनीकडे बरीच खाली झुकते. लंडनचे होकायंत्र बनवणारे कारागीर रॉबर्ट नॉर्मन यांनी १५८१ साली हा कल मोजून पुस्तकात मांडला. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली चुंबकदगडाचा गोळा करून त्याच्या पृष्ठभागावर बारीक सुई फिरवली आणि सुईचा कल जागेगणिक तसाच बदलतो हे दाखवलं. पृथ्वी स्वतः चुंबक आहे, हे त्यांनी त्या हातात मावणाऱ्या गोळ्यावरून सांगितलं.

विजेचा प्रवाह आणि चुंबक यांचं नातं मात्र आणखी दोनशे वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही. कोपेनहेगनचे प्राध्यापक हान्स ख्रिश्चन ओरस्टेड यांनी १८२० मध्ये व्याख्यानाच्या वेळी तारेतून प्रवाह सोडला, तेव्हा जवळच्या होकायंत्राचा काटा हलला. त्या जुलैमध्ये त्यांनी लॅटिनमध्ये छोटंसं टिपण छापलं आणि काही आठवड्यांतच पॅरिसमध्ये अँपिअर यांनी त्यावर काम सुरू केलं.

दहावीच्या पुस्तकात हा प्रयोग आहे, पण तो करताना एक गोष्ट नेहमी हुकते. तार उत्तर-दक्षिण, म्हणजे काट्याला समांतर, त्याच्या बरोबर वर धरावी लागते. पूर्व-पश्चिम धरली तर प्रवाह असूनही काटा जागचा हलेनासा होतो किंवा एकदम उलटा फिरतो, आणि वर्ग निराश होतो. समांतर धरली की काटा आडवा वळतो. तारेतला प्रवाह १ अँपिअर असेल आणि काटा तारेखाली १ सेंटिमीटरवर असेल, तर तारेचं क्षेत्र २० मायक्रोटेस्ला भरतं. आपल्याकडे पृथ्वीचं क्षैतिज क्षेत्र सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. दोघांच्या ओढाताणीत काटा अंदाजे २८ अंशांवर थांबतो. कोनमापकानं हे पडताळता येतं. तार वरून काढून काट्याखाली घेतली की काटा दुसऱ्या बाजूला वळतो, आणि तारेभोवती क्षेत्र गोल फिरतं ही गोष्ट उजव्या हाताचा नियम पाठ करण्याआधीच मुलांच्या लक्षात येते. सेल थेट तारेनं जोडल्यामुळे तार तापते, म्हणून प्रवाह दोन-तीन सेकंदांपुरताच सोडायचा.

इथून मोटारीपर्यंत फार अंतर नाही. त्यासाठी लागते एनॅमल चढवलेली तांब्याची तार. ती गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तुकड्यांत मिळते, बहुतेक वेळा मुलांना कुणी पैसेही मागत नाही. जाड पेनभोवती दहा-पंधरा वेढे घ्यायचे आणि दोन्ही टोकं समोरासमोर सरळ काढायची. सेलच्या दोन्ही टोकांना दोन सेफ्टी पिना सायकलच्या ट्यूबच्या रबरानं आवळून बसवायच्या आणि सेलवर मोडक्या स्पीकरमधला किंवा साधा चकतीचा चुंबक ठेवायचा. कुंडलाची टोकं पिनांच्या छिद्रांत अडकवली की मोटार तयार. पण ती फिरते की नाही, हे एका गोष्टीवर ठरतं.

तारेच्या एका टोकावरचं एनॅमल सगळीकडून खरवडायचं, आणि दुसऱ्या टोकावरचं फक्त एका बाजूनं, अर्ध्या घेरापुरतं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर कुंडल थरथरतं, अर्धं वळतं आणि मागे येतं. कारण प्रवाह सतत चालू असतो: अर्ध्या फेरीत चुंबक कुंडलाला पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत तेवढ्याच जोरानं मागे. अर्धं खरवडलेलं टोक असेल, तर उलटा धक्का बसायच्या वेळी एनॅमलची बाजू पिनेला टेकते, प्रवाह तुटतो आणि कुंडल आपल्याच वेगानं पुढे निघून जातं. तांबं पुन्हा टेकलं की पुढचा धक्का. मोठ्या मोटारीत हेच काम कम्युटेटर करतो, तिथं तो प्रवाहाची दिशा उलटवतो. ब्लेडनं अर्धी बाजू खरवडणाऱ्या मुलाला कम्युटेटर म्हणजे काय हे परत समजावून सांगावं लागत नाही. बिघडलेल्या मोटारी दुरुस्त करण्यातून तर आणखीच कळतं: कुणाचं टोक वाकडं असतं, कुणाचे वेढे एका बाजूला जड असतात, कुणाचं एनॅमल नुसतंच चमकलेलं असतं आणि निघालेलं नसतं.

ही मोटार भारतभरच्या शाळांत पोचवण्यात अरविंद गुप्ता यांचा वाटा मोठा आहे. आयआयटी कानपूरमधून शिकून ते पुण्यात टेल्कोत अभियंता होते. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. १९७२ मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात खेड्यांतल्या मुलांनी विज्ञान करून शिकावं असा आग्रह होता. पुढे २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची तरंगणारी पेन्सिलही अनेक शाळांतून दिसते. पेन्सिलीवर कड्याच्या आकाराचे दोन चुंबक, खाली जुन्या रबरी चपलेत रोवलेले चार, आणि पेन्सिल हवेत आडवी. तिचं टोक मात्र कुठंतरी टेकावंच लागतं. ते टेकू न देता पेन्सिल तरंगवायला मुलं तासभर झटतात. केवळ स्थिर चुंबकांच्या जोरावर चुंबक स्थिर तरंगत ठेवता येत नाही, हा निष्कर्ष सॅम्युअल अर्नशॉ यांच्या १८४२ च्या सिद्धांतातून निघतो. ते झटणं वाया जात नाही, कारण पेन्सिल कुठल्या बाजूनं निसटते हे त्यातूनच कळतं.

हलत्या चुंबकामुळे वीजप्रवाह निर्माण होतो, हा फॅरेडे यांचा १८३१ चा शोध दाखवायला पडद्याचा ॲल्युमिनियमचा पोकळ रॉड पुरतो. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे आधी सगळ्यांनी पाहून घ्यायचं. मग मीटरभर उंचीवरून खडू सोडला तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पोचतो, आणि उभ्या धरलेल्या रॉडमधून निओडिमियमचा चुंबक सोडला तर तो सावकाश, कित्येक सेकंद घेत उतरतो. पडणाऱ्या चुंबकामुळे रॉडमध्ये प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचं क्षेत्र चुंबकाला अडवतं. इथं एक इशारा फार महत्त्वाचा आहे. निओडिमियमचे छोटे चुंबक लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नयेत. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन भिंतींमधून एकमेकांना खेचतात आणि आतड्याला छिद्र पडू शकतं. प्रयोग शिक्षकांनी करावा आणि चुंबक मोजून ठेवावेत.

मोठ्या वर्गांसाठी एक प्रयोग असा आहे, ज्यात आपल्या गावातलं पृथ्वीचं क्षेत्र आकड्यात मिळतं. भरतकामाची आठ इंची लाकडी रिंग घ्यायची, म्हणजे व्यास सुमारे २० सेंटिमीटर. तिच्यावर तारेचे १० वेढे घालायचे. रिंग उभी करून तिचं प्रतल उत्तर-दक्षिण ठेवायचं आणि बरोबर मध्यभागी पुठ्ठ्यावर होकायंत्र ठेवायचं. सेल, मल्टिमीटर आणि पेन्सिलीचं शिसं एका मालेत जोडायचं. शिशावरचा क्लिप सरकवला की प्रवाह कमी-जास्त होतो. काटा उत्तरेपासून ४५ अंश वळला, की कुंडलाचं क्षेत्र आणि पृथ्वीचं क्षैतिज क्षेत्र एकमेकांइतकी झाली. अशा कुंडलाच्या मध्याशी १ अँपिअरला सुमारे ६३ मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळतं, तेव्हा मल्टिमीटरवर ०.६ अँपिअरच्या आसपास आकडा यायला हवा. गुणाकार केला की ३८ च्या जवळपास उत्तर येतं. बहुतेक स्मार्टफोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो आणि जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं तयार केलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप तो आकडा मायक्रोटेस्लामध्ये दाखवतं. त्याच्याशी पडताळून पाहता येतं, फक्त फोन कुंडलापासून लांब नेऊन. उत्तर ५० किंवा २५ आलं, तर आधी रिंग आवळायचा स्क्रू लोखंडी आहे का ते चुंबकानं तपासायचं, मग वेढे पुन्हा मोजायचे, मग टेबल सोडून सगळं साहित्य जमिनीवर सतरंजीवर मांडायचं आणि पुन्हा मोजायचं.